विंचवाचा मंत्र आणि त्याची जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर सर्पदंशाच्या आणि विंचूदंशाच्या बातम्या येऊ लागतात, आणि त्यांतल्या काहींवर ‘अंधश्रद्धेचा बळी’ असा मथळा असतो. रुग्णाला आधी मांत्रिकाकडे नेले, तेथे तीन-चार तास गेले, रुग्णालयात पोहोचेपर्यंत उशीर झाला, एवढे चार ओळींत सांगून बातमी संपते. ती खोटी नसते. परंतु त्या तीन-चार तासांत मांत्रिकाच्या ओटीवर नेमके काय घडले, मंत्रात काय होते, तो ऐकून शहाणीसुरती माणसे का थांबली, आणि पूर्वी शेकडो वेळा ज्याने गुण आला असे गाव शपथेवर सांगते त्याने याच वेळी दगा का दिला, याचा उलगडा कोठेच होत नाही. हा उलगडा झाल्याशिवाय पुढच्या पावसाळ्यातही तीच बातमी छापावी लागेल असे मला वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी रायगड जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलो आणि बत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत संस्कृत व मराठी शिकवून निवृत्त झालो. माझे आजोबा विंचू उतरवत असत. आमच्याकडची जमीन जांभ्याची. दगडी गडगे, पेंढ्याच्या उडव्या, गोठ्यातल्या गोवऱ्या आणि कौलांखालचे वासे ही सगळी विंचवाची घरे. वळवाचा पाऊस पडून गेला की रात्री-अपरात्री अंगणात कोणीतरी कंदील घेऊन उभे राहायचे आणि आजोबा पांघरूण सारून, एक शब्द न बोलता उठायचे. बोलावणे कधी नाकारायचे नाही आणि पैसा, धान्य, नारळ यांपैकी काहीही घ्यायचे नाही, हे नियम त्यांना मंत्राबरोबरच मिळाले होते. मोबदला घेतला तर मंत्र फळत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. ग्रहण लागले की ते ओढ्याच्या डोहात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ग्रहण सुटेपर्यंत तो मंत्र म्हणत, कारण दर ग्रहणाला जागवला नाही तर मंत्र निजतो, असे त्यांच्या गुरूंनी सांगून ठेवले होते.

उतरवण्याची रीत मी लहानपणी वीस-पंचवीस वेळा तरी जवळून पाहिली आहे. रुग्णाला ओटीवर पाय पसरून बसवत. आजोबा विचारत, “कुठवर चढलंय?” तो हात मांडीपर्यंत नेऊन दाखवी. मग कडुलिंबाची डहाळी मांडीवरून पावलाकडे ओढत ते पुटपुटू लागत आणि सात आवर्तने झाली की थांबून विचारत, “आता कुठं?” “गुडघ्यात.” पुन्हा सात आवर्तने. “आता?” “पोटरीला आलंय.” प्रत्येक उत्तरागणिक त्या माणसाचा आवाज खाली येत जाई, मुठी सैल होत, श्वास सावकाश चाले. शेवटी ठणका डंखाच्या जागेपुरता उरला की तेथे चिमूटभर अंगारा लावून आजोबा म्हणत, “आता निजा.” बहुतेक जण सकाळी आपल्या पायांनी घरी गेले, हेही मी पाहिले आहे आणि ते नाकारण्याचे मला काही कारण नाही.

त्यांच्या पश्चात लाल फडक्यात बांधलेली चोपडी माझ्याकडे आली. त्यातला मंत्र येथे संपूर्ण देत नाही, पण त्याचा शेवट सांगण्यास हरकत नाही, कारण तो देशभरच्या शाबरी मंत्रांचा सामाईक शेवट आहे: ‘शब्द साचा, पिंड काचा, फुरो मंत्र ईश्वरी वाचा’. मोडकी हिंदी आणि मोडकी मराठी यांची ही सरमिसळ नाथजोग्यांच्या भटकंतीतून गावोगाव पोहोचली. ‘साचा’ म्हणजे खरा आणि ‘काचा’ म्हणजे कच्चा. शब्द खरा आहे, देह मात्र न भाजलेल्या मडक्यासारखा कच्चा आहे, तेव्हा ईश्वराच्या वाणीने हा मंत्र स्फुरो, असा त्याचा सरळ अर्थ लागतो. आजोबांना हा अर्थ ठाऊक नव्हता. मी संस्कृत शिकू लागल्यावर एकदा त्यांना तो सांगितला, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “अर्थ लावू नकोस, बाळा, लावलास तर अक्षर चुकेल.”

आजोबांच्या या एका वाक्यात फार जुना वाद आहे. वेदांतल्या शब्दांचा अर्थ उलगडणाऱ्या यास्कांच्या निरुक्त या प्राचीन ग्रंथात कौत्स नावाच्या आचार्याचे मत नोंदवले आहे: ‘अनर्थका हि मन्त्राः’, म्हणजे मंत्रांना अर्थच नसतो, त्यांचे बळ अक्षरांच्या अचूक क्रमात असते. यास्कांनी त्यावर उत्तर दिले की आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नव्हे. तुलसीदासांनी रामचरितमानसात शाबर मंत्रांविषयी ‘अनमिल आखर अरथ न जापू’ असे म्हटले, म्हणजे न जुळणारी अक्षरे, ना अर्थ ना धड जप, तरीही शिवाच्या प्रतापाने त्यांचा प्रभाव प्रकट आहे. आमच्या गावचे आजोबा नकळत कौत्सांच्या बाजूने बोलत होते आणि मी यास्कांच्या. इतक्या वर्षांनंतरही मला यास्कांचेच म्हणणे पटते, कारण मंत्रांना अर्थ असतो, आणि तो समजला की मंत्र कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हेही समजते.

अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातले तेरावे सूक्त सापाचे विष उतरवण्यासाठी आहे. त्यात तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला, ताबुव असे शब्द येतात, ज्यांची व्युत्पत्ती संस्कृतात नीट लागत नाही. लोकमान्य टिळकांनी १९१७ साली भांडारकर गौरवग्रंथातल्या आपल्या निबंधात हे शब्द खाल्डियातून, म्हणजे आजच्या इराककडून आले असावेत असे मत मांडले आणि तैमाताचा संबंध तिथल्या तियामत या आदिम सर्परूपिणीशी जोडला. त्यांची सगळी समीकरणे विद्वानांना पटली असे नाही. पण विषावरच्या मंत्रात परक्या मुलखातले, अर्थ हरवलेले नाव टिकून राहू शकते, हे निरीक्षण मोलाचे आहे, कारण सापाला हुकूम द्यायचा तर त्याचे खरे नाव ठाऊक असले पाहिजे, आणि नाव जितके जुने व अनोळखी तितका हुकूम भारी, ही समजूत आजही आमच्या चोपडीत दिसते. तीत विंचवाला अठरा नावांनी हाक मारली आहे आणि त्यातली सहा नावे मला कोणत्याही कोशात सापडलेली नाहीत.

याच वेदाच्या चौथ्या कांडात मोडलेले हाड सांधण्याचे सूक्त आहे. ‘मज्जा मज्ज्ञा सं धीयतां चर्मणा चर्म रोहतु’, म्हणजे मज्जेला मज्जा जुळो, कातडीवर कातडी चढो. जर्मनीतल्या मेर्सेबुर्ग गावच्या ग्रंथालयात १८४१ साली दहाव्या शतकाच्या सुमाराची एक लिखावट हाती लागली. तीत देवाच्या शिंगराचा पाय मुरगळतो आणि त्यावर मंत्र म्हटला जातो, तो असा: हाडाला हाड, रक्ताला रक्त, अवयवाला अवयव, चिकटवल्यासारखे जुळो. १८६४ साली जर्मन भाषापंडित अडालबर्ट कून यांनी ही दोन्ही वचने शेजारी शेजारी ठेवली. मी वर्गात ती फळ्यावर लिहीत असे तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही मान वर करीत. नाव घेऊन हाक मारणे, जे व्हायला हवे ते झालेच आहे अशा शब्दांत सांगणे, आणि शेवटी कोणा मोठ्याची आण घालणे, हीच घडण आमच्या विंचवाच्या मंत्रात आहे. आई मुलाची दृष्ट काढताना मीठ-मोहरी ओवाळत आल्यागेल्याची, भुताखेताची म्हणून जी यादी म्हणते, तिचीही घडण हीच आहे. ज्याची भीती वाटते त्याला नाव द्यायचे, समोर उभे करायचे आणि जा म्हणून सांगायचे.

म्हणून मंत्र मुळात बोलला जातो तो भ्यालेल्या माणसाशी, आणि आपल्या प्राचीन वैद्यांना हे चांगले ठाऊक होते. चरकसंहितेच्या विषचिकित्सेत ‘शंकाविष’ असा वेगळा प्रकार सांगितला आहे. दाट अंधारात काहीतरी चावते, ते विषारी होते अशी शंका माणसाच्या मनात बसते आणि केवळ त्या शंकेने ताप येतो, उलटी होते, मूर्च्छा येते, अंगाचा दाह होतो. अशा माणसाला वैद्याने धीर द्यावा, त्याची समजूत काढावी, मंत्राने पवित्र केलेले पाणी शिंपडावे, असे तेथे म्हटले आहे. खऱ्या विषावरच्या चोवीस उपायांतही चरकांनी मंत्र पहिला मोजला, हे खरे. पण सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात त्यापुढचे पाऊल दिसते. स्वर किंवा वर्ण चुकलेले, विधी सोडून म्हटलेले मंत्र सिद्धीस जात नाहीत, यास्तव अगद, म्हणजे विषावरचे औषध, योजावेच, असे सुश्रुत सांगतात. मंत्रावर श्रद्धा असलेला ग्रंथकारच मंत्रावर विसंबू नका म्हणतो, आणि हे वचन मांत्रिकाच्या ओटीवर सांगितले तर ते अपमानाचे वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

मंत्राला यश कोठून येते, हेही आता पुरेसे कळले आहे. आपल्याकडच्या सापांत माणसाच्या जिवावर उठणारे मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. धामण, दिवड, कवड्या, तस्कर असे बिनविषारी साप चावले तर कोणताही मंत्र फळणारच. विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतो असे नाही. दात लागतात आणि विष उतरत नाही, याला कोरडा दंश म्हणतात. साध्या विंचवाच्या डंखाचा ठणका काही तासांत आपोआप ओसरतो. अशा दहापैकी आठ-नऊ जणांना मांत्रिकाने बरे केले असे गाव मानते, आणि जे एक-दोन खरोखर विषाने मरणार असतात त्यांच्याविषयी ‘वेळ भरली होती’ असे बोलले जाते. कडुलिंबाचा पाला चावायला देऊन कडू लागतो का हे पाहण्याची गावठी परीक्षा यातूनच टिकली आहे. पाला कडू लागला म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाचे रक्त घोणसाच्या विषाने गोठेनासे झालेले असू शकते. आरोग्य केंद्रात त्यासाठी तितकीच साधी परीक्षा आहे: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, ती न हलवता वीस मिनिटे उभी ठेवायची आणि मग तिरकी करून पाहायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष चढले आहे. पाल्याची चव जीभ सांगते आणि जीभ भीतीने खोटे बोलते. नळीला भीती नसते. मण्यारीचे तर आणखी वाईट, कारण जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते, जागा दुखत नाही, सुजत नाही, पहाटे पोटात कळ येते आणि पापण्या जड होऊन मिटू लागतात. त्या वेळी उतरवायला दुखणेच नसते, आणि श्वास थांबत चाललेला असतो.

माझ्या आजोबांच्या मंत्राने दगा दिला ती रात्र मला आठवते. १९६९ सालचा मे महिना होता आणि मी बारा वर्षांचा होतो. शेजारच्या वाडीतल्या सात वर्षांच्या मुलीला लाल विंचवाने नांगी मारली. तिचा बाप तिला खांद्यावर घेऊन आला. आजोबांनी नेहमीसारखे ठणका कोठवर आला ते विचारले, डहाळी ओढली, आणि तासाभरात ती म्हणाली की दुखायचे थांबले. पण तिचे परकर-पोलके घामाने ओले झाले होते, हातपाय गार पडले होते आणि तोंडातून लाळ गळत होती. दोनदा उलटी झाली. आजोबांनी ती उलटी विष बाहेर पडल्याची खूण मानली. पहाटे तिला खोकला सुरू झाला, तोंडावाटे गुलाबी फेस आला आणि उजाडण्यापूर्वी ती गेली. आजोबा तिच्या पायाशी डहाळी धरून तसेच बसून होते.

त्यानंतर काही वर्षांनी, आमच्यापासून फार लांब नसलेल्या महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नेमक्या याच खुणा रुग्णाच्या खाटेशी बसून टिपल्या: भरपूर घाम, उलट्या, लाळ, गार पडलेले हातपाय, आणि पुढे फुप्फुसात पाणी भरणे. विंचवाच्या विषाने शरीरातच उत्तेजक द्रव्यांचा असा लोंढा सुटतो की रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय त्या दाबापुढे थकते. १९८२ साली त्यांनी या निरीक्षणांवरचा लेख लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात लिहिला आणि पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी या रुग्णांना देऊ लागले. जेथे पूर्वी शंभरातले तीस-चाळीस गंभीर रुग्ण दगावत, तेथे हे प्रमाण एक-दोनवर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एकनाथ महाराजांनी विंचवाच्या भारुडात डंख लागताच अंगाला आलेल्या घामाचा उल्लेख केला आहे आणि उतारा म्हणून सत्त्वगुणाचा अंगारा लावायला सांगितला आहे. ते भारुड गाणाऱ्या आम्हा सर्वांच्या तोंडी तो घाम शतकानुशतके होता, पण घाम ही धोक्याची घंटा आहे हे कोणी ऐकले नव्हते. ठणका उतरला म्हणजे विष उतरले, असे आजोबांना वाटले. वेदना आणि विष या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मंत्राचा हात पोहोचला तर वेदनेपर्यंतच पोहोचतो.

आता कायद्याविषयी थोडे, कारण त्याबाबत दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच राज्याने अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे असे उपचार करणे हा गुन्हा ठरवला आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत. यातला ‘रोखून’ हा शब्द कळीचा आहे. मंत्र म्हणणे गुन्हा नाही, तो चोपडीत लिहून ठेवणे गुन्हा नाही, दवाखान्याच्या वाटेवर रुग्णाच्या कानाशी पुटपुटणे गुन्हा नाही. माणूस आणि औषध यांच्या मध्ये उभे राहणे हा गुन्हा आहे. मी ज्या भगतांशी बोललो त्यांतल्या अनेकांना वाटते की सरकारने त्यांचा देवच बंद केला आहे, आणि म्हणून ते लपून उपचार करतात, उशिरा कळवतात. त्यांना कायद्याची ही नेमकी ओळ कोणी वाचून दाखवलेली नाही.

जुना, १९५४ सालचा, औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा केंद्रीय कायदाही आहे, आणि त्यात ताईत, मंत्र, कवच या शब्दांचा स्पष्ट उल्लेख आहे. असे असूनही अनेक मराठी दैनिकांच्या छोट्या जाहिरातींत वशीकरण, शत्रुनाश, असाध्य रोगांवर चोवीस तासांत उपाय, असे छापून येते. माझ्या आजोबांनी एका नारळालाही हात लावला नाही. जाहिरात देणारे हजारो रुपये घेतात. मारण, मोहन, उच्चाटन असले प्रयोग विकणाऱ्यांचा आणि गावातल्या विंचू उतरवणाऱ्याचा धंदा एकच आहे असे समजून दोघांना एका मथळ्याखाली घालणे मला अन्यायाचे वाटते, आणि पहिल्याची जाहिरात आतल्या पानावर छापून दुसऱ्याला पहिल्या पानावर दोष देणे तर त्याहून जास्त. आपण या जाहिराती घेत असाल तर कृपया बंद कराव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मांत्रिकाकडे लोक जातात त्यामागे श्रद्धेइतकेच अंतर आहे. मांत्रिक हाकेच्या अंतरावर असतो, रात्री दोन वाजता उठतो, आणि रुग्णाचे नाव त्याला ठाऊक असते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने मेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातले, आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. लस, म्हणजे दंशानंतर द्यायचे प्रतिविष, आहे. घोड्याच्या रक्तापासून होणारी, चारही सापांवर चालणारी ही लस बनवण्याशी मुंबईच्या परळमधल्या हाफकिन संस्थेचे नाव पिढ्यान्पिढ्या जोडलेले आहे. प्रश्न ती लस, ती देणारा डॉक्टर आणि श्वास थांबला तर चालणारे यंत्र पहिल्या दोन-तीन तासांत मिळण्याचा आहे. डोंगरातल्या वाडीवरून डोली करून रुग्ण उतरवावा लागत असेल तर त्या वाडीला नुसते ‘अंधश्रद्ध’ म्हणून चालणार नाही.

म्हणून आपल्या वार्ताहरांना माझी सूचना अशी की दंशाने मृत्यू झाल्याची बातमी देताना साप किंवा विंचू कोणता होता, दंश किती वाजता झाला, मांत्रिकाकडे किती वेळ गेला, वाहन मिळायला किती, पहिल्या केंद्रात लस होती का, आणि तेथून पुढे पाठवले असेल तर किती किलोमीटर, एवढे तरी लिहावे. त्यात मांत्रिकाचा वाटा असेल तो दिसेल, आणि रस्त्याचा व केंद्राचा असेल तोही दिसेल. मेळघाटात भूमकांना, म्हणजे तिथल्या पारंपरिक मांत्रिक-वैदूंना, आरोग्य यंत्रणेशी जोडून घेण्याचे प्रयत्न झाले आहेत. तसे कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात व्हायला हवेत. भगताला ‘बंद कर’ म्हणण्यापेक्षा घाम, गार हातपाय, मिटणाऱ्या पापण्या आणि हिरड्यांतून येणारे रक्त या चार खुणा शिकवाव्यात, पण खुणांची वाट न पाहता गाडी मागवावी हे आधी सांगावे. लोक त्याचे ऐकतात, आणि त्याने ‘उठा’ म्हटले तर घरातली सर्वात हट्टी म्हातारीही उठते.

दुसरी विनंती मराठीच्या अध्यापकांना आणि लोकसाहित्याच्या अभ्यासकांना आहे. हे मंत्र जाणणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत आणि त्यांची मुले मुंबईत, पुण्यात नोकरीला आहेत. मंत्र सांगितला की त्याचे बळ जाते या समजुतीमुळे कित्येक चोपड्या चितेबरोबर गेल्या. ओव्या जमवल्या गेल्या, म्हणी जमवल्या गेल्या. मंत्र मात्र लाजेपायी मागे राहिले, आणि त्यांतच कोशात न सापडणारे शब्द, नाथपंथाच्या वाटा, सापा-विंचवांची गावोगावची नावे आहेत. ते म्हणणाऱ्याच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवावेत आणि प्रत्येकासोबत तो कशासाठी म्हटला जाई, डहाळी कोणती, आवर्तने किती, हेही नोंदवावे. आमची चोपडी मी अक्षरशः नकलून ठेवली आहे आणि कोणत्याही विद्यापीठाच्या मराठी विभागाला देण्यास तयार आहे.

त्या चोपडीविषयी शेवटचे सांगतो. मुलीच्या मृत्यूनंतर आजोबांनी तीन वर्षे मंत्र म्हटला नाही. माणसे तरीही येत राहिली, कारण तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यातही विंचवावर फारसे काही नव्हते, आणि ते पुन्हा उठू लागले. १९८६ साली, ब्याऐंशीव्या वर्षी, आमच्याच भावकीतल्या एका मुलाला विंचू चावला तेव्हा त्यांनी डहाळी न घेता जीप मागवली, मुलाचा पाय मांडीवर घेऊन चौदा मैलांचा कच्चा रस्ता मंत्र म्हणत काढला आणि दवाखान्याच्या खाटेशी रात्रभर बसून राहिले. गोळी दिल्यानंतर काही तासांनी मुलाचे तळपाय गरम झाले, तेव्हा त्यांनी ते स्वतः चाचपून पाहिले. चोपडीत विंचवाच्या मंत्राच्या वर, जेथे किती आवर्तने आणि कोणते झाड हे शाईने लिहिले आहे, तेथे समासात त्यांच्या थरथरत्या अक्षरांत शिसपेन्सिलीने लिहिलेला एक विधी आहे: ‘आधी गाडी बोलवावी. मंत्र वाटेत म्हणावा.’

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
जि. रायगड